कठड्याची डुगडुग

ग्लासगोत एखादी वस्तू हलते पण पडत नाही, तेव्हा ती 'शूगल' होते असं म्हणतात. आपल्या डुगडुगण्याचा सख्खा मावसभाऊ म्हणा ना. लहान पोराचा पुढचा दात शूगल होतो, चहाच्या दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल शूगल होतं, भुयारी रेल्वेचा डबा तर होतोच होतो. आणि एखाद्याची नोकरी जायची वेळ आली की त्याच्या कोटाची खुंटी डुगडुगायला लागली, असं लोक त्याच्या पाठीमागे बोलतात. यातलं काहीही मोडलेलं नसतं, हे लक्षात घ्या. मोडलं की तो शब्द संपला, मग दुसरा शब्द शोधायचा.

वॉल्टर पेटिक्रूंना हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. तरीही त्यांनी व्हायचा तो घोळ घातलाच. पेटिक्रू वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. भाजीवाले, खाटीक, मिठाईवाले यांचे तराजू तपासण्यात हयात गेली. जगातल्या निम्म्या भानगडी चुकीच्या मापामुळे होतात आणि उरलेल्या निम्म्या चुकीच्या शब्दामुळे, असं ते बायकोला अधूनमधून सांगत. इझोबेल, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा विणकामाचे टाके मोजत असे.

तर खांब. त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याला तळमजल्याच्या वर पहिल्याच वळणावर कठड्याचा एक जाडजूड लाकडी खांब आहे आणि त्याच्या डोक्यावर नारळाएवढा गुळगुळीत गोळा. हा खांब डुगडुगतो. कधीपासून, ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. वर राहणारा प्रत्येक जण उतरताना त्या गोळ्यावर पंजा ठेवतो, वळताना अंगाचा भार टाकतो, खांब जरासा बाहेर कलतो आणि परत येता येता माणसाला पुढच्या पायरीवर अलगद सोडून देतो. चढताना हेच उलट. पाहुणे दचकतात, पण घरच्यांना त्यात काही वाटत नाही. आपल्या घरची कडी कशी अर्धवट उचलून मग ढकलायची असते, तसंच हे.

खांब आणखी पन्नास वर्षं सुखाने डुगडुगला असता, पण लॅफर्टीबाईंची गोष्ट मधे आली.

नेटा लॅफर्टी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय शहाऐंशी. रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून खाली उतरायचं, कोपऱ्यावरून मऊ पाव आणि वर्तमानपत्र आणायचं, वाटेत तिघांची खबर घ्यायची आणि वर जायचं, हा नेम. एकुलता एक मुलगा रेमंड पर्थला असतो, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या नव्हे, गाडीने सव्वा तासावरच्या स्कॉटलंडातल्याच पर्थला. तोही आता साठीला टेकलाय. आईने पर्थच्या एका वृद्धाश्रमात यावं म्हणून तो केव्हाचा मागे लागलेला. सगळं एका मजल्यावर, गालिचा, खिडकीबाहेर हिरवळ. बाई म्हणायच्या, मी इथून कायमची एकदाच खाली जाणार आहे आणि तेव्हा मला चौघं उचलून नेतील. शेवटी मायलेकांत तह झाला. जिना धड आहे तोवर रेमंड हा विषय काढणार नाही. जिन्यात काही बिघडलं की मात्र बाईंनी मुकाट्याने पेटी भरायची. बाईंनी शब्द दिला होता, आणि त्या दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हेत.

म्हणूनच एका सकाळी पावांची पिशवी सांभाळत त्या पेटिक्रूंना म्हणाल्या, "वॉल्टर, तो खांब हल्ली जरा जास्तच डुगडुगतो रे. महिनाअखेरीस माझ्या वाढदिवसाला रेमंड येतोय. त्याने हात लावून पाहिला तर मी गेलेच समज पर्थला."

पेटिक्रूंचा ऊर भरून आला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी कामाचं काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी बाईंना सांगितलं की निश्चिंत राहा, खांबाचं मी बघतो.

वर येऊन त्यांनी इझोबेलला हकिगत सांगितली. ती म्हणाली, बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून खालच्या फटीत सारून दे. पेटिक्रूंना हे फार लागलं. सरकारी खात्यात निरीक्षक राहिलेला माणूस पुठ्ठे सारत हिंडणार काय? पहिल्या मजल्यावरच्या सेंगा मॅकगुरन जिना पुसत होत्या, त्यांनी न विचारताच सांगितलं की आमचे हे असते तर लाकडाची एक पाचर ठोकून दोन मिनिटांत मोकळे झाले असते. सेंगाबाईंचे हे वारून बरीच वर्षं झाली होती, आणि हयात असताना त्यांनी कुठे काही ठोकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण मेलेल्या माणसाचं कसब कोण तपासायला जाणार?

पेटिक्रूंच्या समोरच्या दारात डॉक्टर फरहान मिर्झा राहतात. जन्म ग्लासगोचा, धंदा दाताचा. डुगडुगण्याच्या बाबतीत आख्ख्या बिल्डिंगमध्ये अधिकाराने बोलू शकणारा हा एकच माणूस. डॉक्टर खाली आले, गोळ्यावर दोन बोटं ठेवून त्यांनी खांब पुढेमागे हलवला आणि म्हणाले की मुळाशी झिजलाय, पण जिवंत आहे. दात हलतोय तोवर तो हिरडीच्या मालकीचा असतो. मी असतो तर हात लावला नसता. आणि लावायचाच तर वरवरचं काही नको, नीट भरून घ्यायचा.

तीन शेजारी, तीन सल्ले. पेटिक्रूंनी तिन्ही ऐकून घेतले, आभार मानले आणि सनदशीर मार्गाने जायचं ठरवलं. सगळा घोळ इथे सुरू झाला.

बिल्डिंगची देखभाल एका कंपनीकडे आहे. पूर्वी तिचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून होतं आणि तिथल्या माणसाला जिना तोंडपाठ होता. आता फोन दूर दक्षिणेकडे इंग्लंडात कुठेतरी लागतो आणि फोनवर क्लोई नावाची एक गोड आवाजाची मुलगी असते. पेटिक्रूंनी पाऊण तास सनई ऐकावी तशी फोनवरची बासरी ऐकली आणि मग क्लोई आली. तक्रार काय आहे, तिने विचारलं. खांब शूगल होतो, पेटिक्रू म्हणाले. क्लोईने फार अदबीने विचारलं की म्हणजे काय होतं?

सत्तर वर्षांत हा प्रश्न पेटिक्रूंना कुणी विचारला नव्हता. पण माणूस मुळात चोख. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावायला घेतलं. हलणं वेगळं, कारण झाडही हलतं. लटपटणं वेगळं, ते दारू प्यालेल्या माणसाचं. थरथरणं थंडीचं. शूगल होणारी वस्तू आपल्या जागी घट्ट उभी असते, फक्त तिला तुम्ही हात लावलात की ती थोडी तुमच्याबरोबर येते आणि परत जाते. हे सांगताना त्यांनी टेबल हलवून दाखवलं, हे क्लोईला दिसणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. इझोबेलचा चहा मात्र बशीत आला.

क्लोईने सगळं ऐकलं आणि सांगितलं की तिच्या कॉम्प्युटरवर तीनच शब्द आहेत. सैल, मोडका आणि धोकादायक. यातला एक निवडा. पेटिक्रू म्हणाले, यातला एकही नाही. सैल म्हणावं तर तो काही पायजम्याचा नाडा नाही. मोडका म्हणावं तर सकाळीच सहा माणसं त्याला धरून उतरलीत. मग क्लोईने खरी मेख सांगितली. सैलाचं काम चार महिन्यांनी होतं, मोडक्याचं दोन महिन्यांनी. धोकादायक असेल तर माणूस परवा येईल.

वाढदिवस महिनाअखेरीस. पेटिक्रूंनी आयुष्यभर दुकानदारांना बजावलं होतं, की पारड्यावर बोट ठेवू नका. आणि आता स्वतःच पारड्यावर बोट ठेवायची वेळ आली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं, धोकादायक लिहा."

परवा माणूस आला खरा, पण दुरुस्तीला नव्हे. हा धोका 'सुरक्षित' करणारा माणूस होता. त्याने खांबाला खालपासून वरपर्यंत पिवळीधमक पट्टी गुंडाळली, गोळ्यावर लाल पाटी लटकवली, 'धोका. कठड्याला हात लावू नये', आणि तो निघाला. दुरुस्ती कधी, असं पेटिक्रूंनी विचारलं तेव्हा म्हणाला की जिना सगळ्यांच्या मालकीचा, तेव्हा सगळ्या मालकांची संमती लागेल, शिवाय लाकूड जुनं आहे, म्हणजे नगरपालिकेच्या वारसा जतन खात्याला विचारावं लागेल. वर्षाच्या आत होऊन जाईल, काळजी नसावी. पेटिक्रू खांबाकडे बघत राहिले. खांब लग्नात सजवलेल्या नवरदेवासारखा दिसत होता आणि पेटिक्रूंचं तोंड मुलीकडच्यांसारखं झालं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण संमती मागायची म्हणून कंपनीने सगळ्या मालकांना संदेश धाडला, की जिना धोकादायक असून वृद्ध व्यक्तींनी तो वापरणं टाळावं. आणि लॅफर्टीबाईंचा फ्लॅट कागदोपत्री रेमंडच्या नावावर होता.

संध्याकाळी बाईंनी स्वतः येऊन दार वाजवलं. आत येऊन त्या बसल्या नाहीत. रेमंडचा फोन आला होता. तो महिनाअखेरीची वाट बघणार नव्हता, याच शनिवारी येणार होता, खोकी घेऊन. वृद्धाश्रमातली खोलीही त्याने ठरवून टाकली होती.

"वॉल्टर, धोकादायक कोण म्हणालं?"

पेटिक्रूंना खोटं बोलता येत नसे, परवाचा अपवाद सोडला तर. ते म्हणाले, "मी म्हणालो. लवकर यावेत म्हणून."

"पन्नास वर्षं तो खांब डुगडुगतोय," बाई म्हणाल्या. "एक माणूस पडला नाही त्याच्यापायी. आणि तू त्याला नावं ठेवलीस. निदान मला तरी विचारायचंस." मग जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "खोक्यांत काय काय मावतं कुणास ठाऊक. माझं ते घड्याळ तर मावायचं नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण कठड्याला हात न लावता त्या सावकाश वर गेल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे वाक्य पेटिक्रूंनी इझोबेलला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ती म्हणाली, आता झालेलं निस्तर, नाहीतर निदान माझे टाके चुकवू नकोस.

त्यांनी क्लोईला फोन केला. धोकादायकाचं परत सैल करता येईल का? क्लोई म्हणाली, चढवता येतं, उतरवता येत नाही. त्यासाठी तपासनीस यावा लागतो. तो कधी येईल? धोक्याचं काम झाल्यावर.

शुक्रवारी चहाच्या वेळेला पेटिक्रू जिन्यात उतरले. मनाचा हिय्या करून त्यांनी लाल पाटी काढली, पट्टी सोडवली आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून खालच्या फटीत सारला. कायदेभंगाची ही त्यांची पहिलीच वेळ. इतक्यात सेंगाबाईंचं दार उघडलं. त्या तशाच आत गेल्या आणि लाकडाची एक पाचर आणि हातोडी घेऊन आल्या. दोघांनी मिळून पाचर ठोकली. आवाज ऐकून डॉक्टर मिर्झा खाली आले. त्यांनी वाकून फट पाहिली, एक सुस्कारा सोडला आणि दवाखान्यातून दात भरायचं सामान आणलं. मसाला कडक करायचा निळा दिवा लावून लावून त्यांनी ती भेग अशी भरली, की एखाद्या मंत्र्याची दाढ काय भरतील. पेटिक्रूंना तर त्यांनी सवयीने 'आ करा' असंही म्हटलं. काम संपल्यावर तिघांनी आळीपाळीने खांब हलवून पाहिला. ढिम्म हलेना. इझोबेलने वरून सगळ्यांना चहा आणि लोणी लावलेले पाव पाठवले आणि जिन्यातच मेजवानी झाली. लॅफर्टीबाईंना सांगायला पेटिक्रू दोन दोन पायऱ्या चढत गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि घड्याळाला किल्ली दिली.

आनंद शनिवारी सकाळी आठपर्यंत टिकला.

आधी सेंगाबाई पडल्या. कचऱ्याची पिशवी घेऊन उतरताना त्यांनी सवयीने गोळ्यावर हात टाकला, भार दिला आणि नेहमीसारखा खांब थोडा सोबत येईल म्हणून पाऊल पुढे टाकलं. खांब आला नाही. सेंगाबाई गोळ्याभोवती अर्धी चक्कर मारून पायरीवर बसल्या, आणि बटाट्याच्या साली त्यांच्या आधी खाली पोचल्या. पाठोपाठ डॉक्टर मिर्झांचं मनगट मुरगळलं, तेही उजवं, म्हणजे कमाईचं. पोस्टमनने भिंतीवर खांदा आपटून घेतला. मग स्वतः पेटिक्रू. आपण स्वतः तो घट्ट केलाय हे पुरतं ठाऊक असूनही त्यांचा हात तिथे गेला, अंग झुकलं, आणि निरीक्षकसाहेब कमरेत लचक भरून कठड्याला मिठी मारून उभे राहिले. डोक्याला कळलं होतं, पण पायांना कुणी कळवलंच नव्हतं.

त्या अवस्थेत ते उभे असताना खालचं दार उघडलं आणि रेमंड आत आला. बगलेत दुमडलेली रिकामी खोकी, हातात फोन. फोनवर कंपनीचा संदेश उघडाच.

"कुठाय तो धोकादायक खांब?" त्याने विचारलं.

"हाच," पेटिक्रू म्हणाले आणि कळ सोसत बाजूला झाले. "हलवून बघ हवा तर."

रेमंडने खोकी खाली ठेवली, दोन्ही हातांनी गोळा धरला आणि हलवला. मग खांदा लावून ढकलला. मग एक लाथही घातली. खांब देवळातल्या दीपमाळेसारखा उभा. रेमंडचा चेहरा पडला. पेटिक्रूंना इतका आनंद झाला की कंबर क्षणभर दुखायची थांबली.

"म्हणजे त्यांनी उगीच कळवलं?"

"उगीच नाही, माझ्या सांगण्यावरून कळवलं," पेटिक्रू म्हणाले. "चूक माझी. तुझ्या आईचा यात काही दोष नाही, रेमंड. जिना धड आहे."

रेमंड माणूस वाईट नव्हता. रात्री फोन वाजला की आई पडली असेल या धास्तीने उठणारा मुलगा होता तो, एवढंच. तो म्हणाला की आलोच आहे तर आईशी बोलतो, खोकी राहू देत हातात. त्याने खोकी पुन्हा बगलेत मारली आणि चढायला लागला.

आता हा रेमंड याच जिन्यात लहानाचा मोठा झालेला. या कठड्यावरून घसरगुंड्या करून खांबाला हलता करणारा कारटा हाच होता, असं सेंगाबाई आजही शपथेवर सांगतात. साठीच्या माणसाच्या अंगात तो पोरगा अजून शाबूत होता. वळणावर त्याचा मोकळा हात आपोआप गोळ्यावर गेला, सगळं वजन बाहेर झोकून दिलं गेलं, एक पाय उचलला गेला आणि खांबाने त्याला जागेवरच अडवलं. खोकी उडाली. रेमंड एका पायावर गरकन फिरला आणि त्या पायावरच बसला. कडकन नाही, पण काहीतरी आवाज झाला.

गलका ऐकून सगळे धावले. डॉक्टर मिर्झांनी घोटा पाहिला आणि डाव्या हाताने मान खाजवत म्हणाले की माझा अभ्यास हनुवटीपाशी संपतो. तेवढ्यात वरून पावलं वाजली. लॅफर्टीबाई उतरत होत्या. तीन मजले, डोक्याला रुमाल, एका हाताने पदर सावरावा तसा कोट धरलेला आणि दुसरा हात भिंतीला अगदी हलकासा लावलेला. खांबाच्या बाजूला त्या गेल्यासुद्धा नाहीत. त्या नेहमी भिंतीच्या कडेनेच उतरत, हे तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

त्यांनी रेमंडपाशी बसून त्याचा बूट सोडला. "दुखतंय?" एवढंच विचारलं. रेमंडने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, दुखण्याने असतील.

दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, पण घोटा चांगलाच मुरगळला होता. दोन आठवडे त्यावर भार नाही, गाडी तर मुळीच नाही. त्याची बायको बहिणीबरोबर स्पेनला गेलेली. पर्थच्या घरी कुणी नाही. तेव्हा रेमंड जायचा कुठे? तो तिन्ही मजले पाठमोरा, बसून बसून, एकेक पायरी ढुंगण टेकत चढला. पेटिक्रू मागून त्याची खोकी घेऊन आले, कारण जिन्यात ठेवली तर सेंगाबाईंचा आरडाओरडा ठरलेला.

सोमवारी क्लोईचा फोन आला. धोक्याबाबत चौकशी होती. या खांबामुळे कुणाला इजा झाली आहे का?

"धोकादायक होता तोवर नाही," पेटिक्रू म्हणाले. "घट्ट केल्यावर पाच जण पडले."

यासाठी कॉम्प्युटरवर शब्द नव्हता. क्लोई म्हणाली, वरच्यांना विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही. दरम्यान बिल्डिंगची सभा झाली, म्हणजे सगळे जिन्यात उभे राहिले, आणि एकमताने ठरलं की केलेलं निस्तरावं. वरून रेमंडनेही मालक म्हणून संमती कळवली, ती जरा घाईनेच. पुठ्ठा निघाला, पाचर निघाली. डॉक्टर मिर्झांनी मनगट बरं झाल्यावर आपल्या बारक्या यंत्राने भेग पुन्हा मोकळी केली. किती मोकळी करायची यावर बराच खल झाला. पेटिक्रू पट्टी लावून मोजत होते, सेंगाबाई म्हणत होत्या अजून जरा, आणि डॉक्टर दर वेळी रोग्याला विचारावं तसं खांबाला विचारत होते. शेवटी प्रत्येकाने एकदा धरून उतरून पाहिलं आणि कुणी पडलं नाही, तेव्हा काम थांबवलं.

रेमंड आईकडे राहिला. बाई रोज सकाळी खाली उतरत, पाव आणत, त्याचा पाय उशीवर ठेवत, सूप करत, त्याला ओरडत. दुपारी त्याच्या औषधासाठी आणखी एकदा उतरत. रेमंड खिडकीत बसून असे. पहिले दोन दिवस आई रस्त्यावर दिसेपर्यंत त्याचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवसापासून तो काचेवर टकटक करून तिला पावाबरोबर सॉसेजही आण म्हणून खुणा करू लागला.

दुसऱ्या आठवड्यात इझोबेलने मसुरीच्या सुपाचं भांडं देऊन पेटिक्रूंना वर पाठवलं. दार उघडंच होतं. बाई घरात नव्हत्या. रेमंड फोनवर बोलत होता आणि त्याची दाराकडे पाठ होती, म्हणून पेटिक्रू भांडं धरून तसेच उभे राहिले. पलीकडे पर्थचा वृद्धाश्रम असावा. खोली किती दिवस राखून ठेवायची असं ते विचारत असावेत.

"नाही, ती येणार नाही," रेमंड म्हणाला. "नाही, नाही, तब्येत उत्तम आहे तिची. तिला वेळ नाही. तिच्या घरी एक म्हातारा माणूस आहे, त्याला सांभाळायला दुसरं कुणी नाही."

जिन्यात पावलं वाजली. बाई हलक्या धापा टाकत आत आल्या, रुमाल सोडला, पिशवी टेबलावर ठेवली आणि कुणाचा फोन म्हणून विचारलं.

"काही नाही गं," रेमंड म्हणाला. "सॉसेज आणलीस का?"